अनुभव धागा : वर्षावनातला मुक्काम आणि घरच्यांसोबत पाहिलेले वन्यजीव

रानजाई

गेल्या आठवड्यात कपाट आवरताना मुलीची एक जुनी वही हाती लागली. दमटपणाने तिची पाने एकमेकांना चिकटून, मग सुटी होऊन वाकडीतिकडी वाळली आहेत आणि पेन्सिलीची अक्षरे जागोजागी पुसट झाली आहेत. बोर्निओ बेटावरील सबा राज्यात डानम खोऱ्यातल्या वनविश्रामगृहात आम्ही चार रात्री राहिलो होतो, तेव्हाची ती वही आहे. मुलगी त्या वेळी नऊ वर्षांची होती. दिसलेल्या प्राण्यांची यादी करावी म्हणून मी तिला ती दिली होती. पण पहिल्या दोन पानांवर दिसलेला एकही प्राणी नाही. आहेत ते केवळ आवाज आणि त्यांच्यापुढे वेळा. ‘५.४० गिबन, लांब. ६.०५ गिबन, जवळ. ७.१५ मोठे पंख, आजोबांनी ऐकले.’ (गिबन म्हणजे झाडांवर राहणारे बिनशेपटीचे वानर.)

माझ्या बाबांना काचबिंदू आहे. सहलीच्या वेळीच त्यांची दृष्टी इतकी आक्रसली होती, की समोरचे ताट दिसे, पण शेजारी ठेवलेला पेला दिसत नसे. प्राणी पाहण्यासाठी एवढ्या दूर जायचे आणि त्यांना काहीच दिसायचे नाही, या विचाराने मी सहल रद्द करायला निघाले होते. बाबांनीच हट्ट धरला. लहद दातू गावापासून जंगलातल्या कच्च्या रस्त्याने अडीच तासांचा प्रवास करून आम्ही पोहोचलो, तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता.

पहिल्या दिवशी आम्हा डोळस माणसांनाही काही दिसले नाही. तिथले बहुतांश जंगल कधीच तोडलेले नाही. झाडांचे शेंडे चाळीस-पन्नास मीटर उंचीवर एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के उजेड पोहोचतो आणि प्राण्यांचा सगळा संसार वरच्या मजल्यांवर चालतो. पान हलते, आपण दुर्बीण उचलतो आणि तोवर तिथे पुन्हा नुसते पान असते. बाबा मात्र वाटेवर उभे राहून, मान किंचित तिरकी करून, ‘तिकडे उजवीकडे, वर’ असे सांगत आणि धनेश पक्षी डोक्यावरून गेला की त्याच्या पंखांचा तो जड, धापा टाकल्यासारखा आवाज सर्वांत आधी त्यांनाच कळे.

तिसऱ्या संध्याकाळी सहाच्या सुमारास, रोज ठरल्या वेळी कर्णा फुंकल्यासारखा ओरडणारा तिथला सिकाडा हा कीटक सुरू झाला होता आणि आम्ही परतीला लागलो होतो. बाबा एकाएकी थांबले आणि त्यांनी हात वर केला. ‘कोणीतरी फांद्या मोडते आहे,’ ते म्हणाले, ‘पण तोडून टाकत नाही, वाकवून मोडते आहे.’ आम्हाला सिकाड्यावाचून काहीही ऐकू येत नव्हते. वाटाड्याने दोन क्षण कान दिला आणि आम्हाला वाटेच्या डाव्या अंगाला, झाडाच्या बुंध्यापासून भिंतीसारख्या पसरलेल्या एका मोठ्या आधारमुळाच्या आडोशाला नेले. वर, साधारण वीस मीटरवर, ओरांगउटान मादी रात्रीचे घरटे बांधत होती. ती जाड फांदी स्वतःकडे ओढून पायाखाली दाबत असे, मग दुसरी त्यावर आडवी घालत असे आणि मधूनच थांबून हाताने चाचपून पाहत असे. तिच्या कुशीला बिलगलेले पिल्लू त्या पसाऱ्यातून डोके बाहेर काढून आमच्याकडे बघत होते. ओरांगउटान जवळजवळ रोज संध्याकाळी नवे घरटे बांधतात आणि पिल्लू सहा-सात वर्षे आईजवळ राहून हेच काम शिकते, असे वाटाड्याने अगदी हळू आवाजात सांगितले. शेवटी तिने पालेदार डहाळ्यांची एक मोळी ओढून वर घेतली आणि ती दिसेनाशी झाली. माझी मुलगी त्या सगळ्या वेळात आजोबांच्या कानाशी लागून एकेक गोष्ट सांगत होती आणि बाबा मान डोलावत होते.

वहीत त्या दिवसापुढे एवढेच लिहिले आहे : ‘६.१० कडाड, तीनदा. आजोबा पहिले.’

आपल्यापैकी जे कोणी घरच्यांना घेऊन अशा दूरच्या वर्षावनात राहिले असतील, त्यांनी आपला अनुभव लिहावा. काही दिसले नसेल, तरीही लिहावा.

पाणवठा

आम्हीही पहिला दिवस रिकाम्या हातांनी काढला आहे. पेरूमधील ताम्बोपाता राखीव वनात, पुएर्तो माल्दोनादोहून नदीने कित्येक तास वर गेल्यावर असलेल्या एका निवासात आम्ही उतरलो होतो आणि सगळा आटापिटा काठावरच्या मातीच्या एका कड्यासाठी होता. तिथे मकाव पोपट माती खायला येतात. त्यासाठी पहाटे अंधारात होडीत बसावे लागते. आईचे गुडघे दुखत होते आणि होडीपासून वर चढायला चिखलातल्या इतक्या पायऱ्या आहेत, हे नोंदणी करताना आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी पायऱ्यांची संख्या आधी लेखी विचारून घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण तिथे पोहोचल्यावर दुसरा मार्ग नसतो.

त्या दिवशी धुके उतरले, मग पाऊस आला आणि एकही पक्षी खाली आला नाही. चौदा वर्षांचा मुलगा रागावून परत येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या पहाटे आईने ‘मी काठावरच बसते, तुम्ही जा’ असे म्हटल्यावर मात्र त्यानेच तिचा हात धरला आणि पायरी-पायरीने तिला वर नेले. प्रथम लहान हिरवे पोपट आले, मग तासाभराने मकाव. लाल, निळे-पिवळे, लाल-हिरवे, जोडीजोडीने. ते आधी बराच वेळ वरच्या झाडांवर बसून खालचा अंदाज घेतात. एक उतरला की मग सगळा कडा रंगून जातो. समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या त्या प्रदेशात वनस्पतींमध्ये सोडियम फार कमी असते आणि ते या मातीतून मिळते, असे तिथल्या संशोधकांचे प्रतिपादन आहे. पिल्लांनाही आईबाप माती भरवतात. हे ऐकून माझी आई म्हणाली, ‘म्हणजे मीठ न्यायला आले आहेत.’ मला तो सगळा प्रकार तिच्या या एका वाक्यात जितका समजला, तितका माहितीफलकावरून समजला नव्हता.

चिमणपाखरू

रानजाई, आपले लेखन वाचून मन भरून आले. एक प्रश्न विचारते. आमची मुलगी सहा वर्षांची आहे आणि जळवांचे नाव काढले तरी रडते. अशा वेळी आपण काय केले होते?

रानजाई

आम्ही गुडघ्यापर्यंत येणारे, दाट विणीचे जळूमोजे घातले होते. पँट त्यांच्या आत खोवायची असते. मुलीला मी आदल्या दिवशीच जळू कशी चालते ते बोटाने दाखवून ठेवले होते : शेपूट रोवायची, अंग ताणायचे, डोके टेकवायचे आणि पुन्हा शेपूट उचलायची. प्रत्यक्ष जळू दिसल्यावर ती भिण्याऐवजी तिच्या चालीचे निरीक्षण करत बसली.

शेवाळवाट

त्याला एक जोड देतो. चिकटलेली जळू हिसकून ओढू नये आणि तिच्यावर मीठ किंवा चटका यांचाही प्रयोग करू नये, कारण त्याने ती पोटातले जखमेत ओकण्याची शक्यता असते. नख तिच्या तोंडाखालून हलकेच सरकवले की ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असल्यामुळे नंतरही बराच वेळ रक्त वाहते. ते पाहून मुले घाबरतात, तेव्हा हे आधीच सांगून ठेवावे आणि जखम स्वच्छ करून दाबून धरावी.

आमचा अनुभव कर्नाटकातील आगुंबे येथील आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे ते ठिकाण आहे आणि आम्ही मुद्दाम जूनमध्ये गेलो होतो. माझ्या मनात एकच गोष्ट होती, ती म्हणजे नागराज (किंग कोब्रा). पालापाचोळा अंगाच्या वेटोळ्याने ओढून त्याचे घरटे रचणारा जगातला हा एकमेव साप. मादी अंड्यांवर दोन महिन्यांच्या आसपास पहारा देते आणि पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारास निघून जाते, हे मी वर्षानुवर्षे वाचत आलो होतो. २०२४ मध्ये तर पश्चिम घाटातला नागराज ही स्वतंत्र जात असल्याचे प्रसिद्ध झाले आणि तिला ‘कालिंगा’ हे नाव मिळाले. आमच्या मुक्कामाच्या वेळी जवळच एक घरटे असल्याचे कळले. मी ते लांबून तरी दाखवावे अशी फार गळ घातली. तिथल्या अभ्यासकाने शांतपणे नकार दिला. माणसांची वर्दळ वाढली तर मादी घरटे सोडून जाऊ शकते, एवढेच तो म्हणाला. त्या क्षणी मी खट्टू झालो, हे कबूल करतो. आज मात्र त्याच्याविषयी मनात केवळ आदर आहे.

त्या रात्री त्याने आम्हाला एका डबक्याकाठी नेले. पाण्यावर झुकलेल्या फांदीला, माझ्या मुठीएवढा पांढरा फेसाचा गोळा लटकत होता. ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे होते. अंडी फेसात सुरक्षित राहतात आणि बेडूकमासे तयार झाले की खालच्या पाण्यात गळून पडतात. आम्ही पाहत असताना फेसाचा खालचा भाग ओघळू लागला आणि विजेरीच्या उजेडात एक, मग दुसरा, असे टाचणीच्या माथ्याएवढे काळे ठिपके पाण्यात पडले. पावसात भिजत, छत्री मिटून, माझी दोन्ही मुले अर्धा तास तिथे बसली होती. त्यांनी नागराजाचे नाव पुन्हा काढले नाही.

आधारमूळ

श्रीलंकेतील सिंहराजा वनात आम्ही उभयता आणि माझी सासू असे तिघे होतो. तिथे पक्षी एकेकटे फारसे दिसत नाहीत. अनेक जातींचा मिळून एक थवा फिरतो आणि तो आला की सगळे एकदम येते. दोन तास जंगलात एक पान हलले नाही. मग नारिंगी चोचीच्या सातभाईंची कलकल ऐकू आली, मागून लांब शेपटीचा भृंगराज, वर निळा मॅगपाय, खोडावर सुतार. पाच-सात मिनिटांत डोक्यावरून सगळी मिरवणूक निघून गेली आणि पुन्हा पूर्ववत शांतता. सासूबाई त्या सगळ्या वेळात एकही शब्द बोलल्या नव्हत्या. नंतर त्यांनी विचारले, ‘पुन्हा येतील का?’ आम्ही आणखी दोन तास तिथेच बसलो. थवा पुन्हा आला नाही, पण निघू या असे त्यांनीही म्हटले नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. हा धागा उघडला आणि तो प्रश्न त्यांच्याच आवाजात ऐकू आला.

चिमणपाखरू

आपल्या दुःखात सहभागी आहे. जळवांविषयीच्या माहितीबद्दल दोघांचेही आभार. मुलगी सकाळपासून बोटाने जळूची चाल करून दाखवते आहे.

उंचमाळा

मी थोडे कटू लिहिणार आहे. तमिळनाडूतील वालपराईला आम्ही सिंहपुच्छ वानरे पाहण्यासाठी गेलो होतो. पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही न आढळणारे, काळ्या अंगाचे आणि चेहऱ्याभोवती करडी आयाळ असलेले हे वानर खरे तर झाडांच्या शेंड्यांवर राहणारे. वनाचे तुकडे झाल्यामुळे एका तुकड्यातून दुसऱ्यात जाताना त्यांना रस्त्यावर उतरावे लागते. काही जागी त्यांच्यासाठी रस्त्याच्या वर झुलते पूल बांधलेले आहेत आणि एक आई पोटाला पिल्लू घेऊन त्यावरून जाताना आम्ही पाहिली. पूल हलला की ती थांबायची आणि स्थिर झाला की पुढे सरकायची. माझ्या मुलाने तोवर श्वास रोखून धरला होता. त्याच वळणावर एका गाडीतून कोणीतरी खाऊचे पाकीट बाहेर धरले आणि कळपातले तीन वानर झाडावरून थेट डांबरावर आले. आम्ही हात जोडून विनंती केली, ती त्यांनी मानली नाही. वन्यजीव जवळून दिसावा ही इच्छा माझीही होती, पण त्या दिवशीचे ते जवळून दिसणे मला अजूनही टोचते. कृपया मुलांच्या हातात प्राण्यांसाठी काहीही देऊ नका.

शेवाळवाट

आपल्या प्रत्येक शब्दाशी सहमत आहे.

रानजाई

रात्री बाबांना आपल्या सर्वांचे अनुभव वाचून दाखवले. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढेच कळते. बेडूकमाशांचा प्रसंग त्यांनी मला दोनदा वाचायला लावला. पाणवठा, त्यांचा आपल्यासाठी एक प्रश्न आहे : एवढे मकाव एकाच कड्यावर बसतात, तेव्हा तिथे ऐकू काय येते?

पाणवठा

बाबांना माझा नमस्कार सांगावा. वरच्या झाडांवर असतात तोवर मकाव अखंड, कर्कश ओरडतात. इतके, की शेजारच्याशी बोलता येत नाही. कड्यावर उतरून माती खायला लागले की कलकलाट बराच खाली येतो. आम्ही पाहत होतो तेव्हा वरून एक ससाणा गेला. त्याच्या आधी एक क्षण सगळे गप्प झाले आणि मग शंभर माणसांनी ओल्या चादरी एकदम झटकाव्यात तसा आवाज करत ते सारे उडाले. पक्षी दिसेनासे झाल्यावरही त्यांच्या पायांनी सुटलेली ढेकळे कड्यावरून घरंगळत नदीत पडत होती. डुब, थोडे थांबून पुन्हा डुब. हे शेवटचे आईने आमच्या लक्षात आणून दिले होते.