युगांडातला ‘सहभाग’: देखावा की पकड?

चौकस: ‘आफ्रिकेतल्या गरिबी निर्मूलनाच्या धोरणांत स्थानिक स्वयंसेवी संस्थांचा सहभाग हा जागतिक बँकेने मांडलेला देखावा होता’ असं इथल्या कालच्या लेखात ठोकून दिलंय. युगांडापुरतं तरी हे साफ चूक आहे. कर्जमाफी आणि स्वस्त कर्ज हवं तर देशाने लोकांना सोबत घेऊन गरिबी निर्मूलनाचं धोरणपत्र लिहावं, ही अट बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणली सप्टेंबर १९९९ मध्ये. युगांडाचा स्वतःचा गरिबी निर्मूलन कृती आराखडा १९९७ चा, म्हणजे अटीच्या आधीचा. पुढे ९ जिल्ह्यांत गरिबांमध्ये बसून पाहणी झाली. लोकांनी पाण्याची टंचाई आणि जिवाची असुरक्षितता पुढे आणली, आणि २००० च्या सुधारित आराखड्यात सुशासन व सुरक्षितता हा वेगळा खांब, म्हणजे मुख्य उद्दिष्ट, आला. कर्जमाफीतून वाचलेला पैसा गरिबी कृती निधीत गेला, त्यातले ५ टक्के देखरेखीसाठी राखले. युगांडा डेट नेटवर्क या स्वयंसेवी संस्थांच्या आघाडीच्या जिल्हा समित्या शाळा-दवाखान्यांची बांधकामं जाऊन तपासत होत्या. याला देखावा म्हणायचं?

रोखठोक: खांब वाढला, पण पाया कुणी घातला? तूट किती, महागाईचं लक्ष्य किती, पगारखर्च किती, हे संस्थांसमोर ठेवलंच नव्हतं. नाणेनिधीचा कार्यक्रम अर्थमंत्रालय आणि मध्यवर्ती बँकेशी ठरतो. झांबियात बघा. तिथल्या संस्थांनी २००० मध्ये आघाडी केली, स्वतःचा मसुदा लिहिला, त्यातलं बरंच सरकारी धोरणपत्रात आलंही. आणि २००४ मध्ये नाणेनिधीच्या कार्यक्रमात सरकारी पगारखर्चाला जीडीपीच्या ८ टक्क्यांची मर्यादा, म्हणून प्रशिक्षण घेतलेले हजारो शिक्षक घरी बसलेले आणि वर्गात शिक्षक नाहीत. धोरणपत्रात शिक्षणाला प्राधान्य होतं ना?

आकडेमोड: देखरेखीचा विषय निघालाच आहे, तर युगांडाच्या शाळांचं उदाहरण सांगायलाच हवं. १९९१ ते ९५ मध्ये प्रति विद्यार्थी अनुदानातले सरासरी १३ टक्केच शाळेत पोचत होते, बाकीचे जिल्ह्यात अडकत. मग जिल्ह्याला कधी किती पैसे सोडले ते वर्तमानपत्रांत छापू लागले, शाळेच्या दारावर लावायला लावले. २००१ पर्यंत ८० टक्क्यांच्या वर पोचू लागले. माहिती दिली की चोरी थांबते!

रोखठोक: हे अर्धवट उदाहरण किती वर्षं फिरवणार? १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं, पालकांची फी बंद झाली, म्हणून मुख्याध्यापकाला पहिल्यांदाच या अनुदानावर शाळा चालवायची वेळ आली. त्याआधी ते मिळतं हेच अनेकांना ठाऊक नव्हतं. शिवाय तो निधी शिक्षणासाठीच खर्च करायचा, अशा अटीवर येऊ लागला. एवढं सगळं एकाच वेळी बदललं आणि श्रेय वर्तमानपत्राला?

आकडेमोड: श्रेय फक्त वर्तमानपत्राला मी दिलेलं नाही! पण वर्तमानपत्राच्या विक्रीकेंद्राजवळच्या शाळांना जास्त पैसा मिळाला, असं अभ्यासात दिसलं. त्याचं उत्तर द्या, नुसतं झिडकारू नका.

रोखठोक: विक्रीकेंद्र जवळ म्हणजे रस्ता जवळ, जिल्ह्याचं कार्यालयही बहुतेक जवळच. त्यातून कारण वेगळं काढणं सोपं नाही.

चौकस: तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही, एवढं मान्य करतो. पण त्यातून माझाच मुद्दा निघतो: पैसा कोणत्या कामाचा हे बांधलेलं हवं, आकडा सगळ्यांसमोर हवा, आणि विचारणारा माणूस हवा. तिन्हींपैकी एक नसलं की बाकी दोन वाया जातात.

जमाखर्च: अनुदानावरून इतकं भांडताय, पण वेळेचं कुणी बोलत नाही. युगांडाचं आर्थिक वर्ष जुलैला सुरू होतं, अर्थसंकल्प जूनमध्ये वाचतात. शिक्षण, आरोग्य अशा विषयांचे गट त्याच्या कित्येक महिने आधी बसतात आणि रकमा तिथेच ठरतात. संस्थांना मे महिन्यात मसुदा दिला तर त्या भाषा सुधारतील, रक्कम नाही. आणि मसुदा इंग्रजीत, शंभरावर पानांचा, बैठक राजधानी कम्पालात. दूर ईशान्येकडच्या कारामोजातला गुराखी त्यात कुठून येणार? म्हणून गटात पहिल्या बैठकीपासून खुर्ची द्या, मागच्या वर्षीची मंजूर रक्कम आणि सोडलेली रक्कम शेजारी-शेजारी छापा.

रोखठोक: हे पटलं. पण त्याच पहिल्या बैठकीत तुटीची मर्यादाही मांडा. ती बंद दाराआड ठरणार असेल, तर ‘देखावा’ हा शब्द मी मागे घेणार नाही.