प्रति: वहिनींचे सांधे आणि गालावरचे चट्टे
ताई, कापूस वेचताना उन्हानं चट्टे येतात हे खरं. पण वहिनींचे नाकाशेजारच्या घड्या सोडून दोन्ही गालांवर आहेत, वरचेवर तोंड येतं, सकाळी बोटं आखडतात म्हणता. मग ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते त्या आजाराची, शंका घ्यायलाच हवी. आपल्याकडे सांधे दुखले की सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) नाहीतर चिकनगुनिया म्हणून मोकळे होतात, इथंच घोडं अडतं. एएनए ही ल्युपसच्या शंकेत करायची रक्ततपासणी नुसती पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका, धडधाकट माणसातही येते. आधी साधी लघवी तपासा, प्रथिनं किंवा रक्त जातंय का. किडनीला सूज आली तरी बहुधा दुखत नाही. पायावर पुरळ असेल तर काचेचा ग्लास दाबून पाहा. लाली जात नसेल, हाताला उंचवटे लागत असतील, तर रक्तवाहिन्यांची सूज असू शकते. तेव्हा थेट मेडिकल कॉलेज गाठा. अन् तोवर गावात दुखण्याचं इंजेक्शन नको, त्यात स्टिरॉइड असलं तर खुणाच झाकल्या जातात.