‘फोन करत जा’ हे हिंदीत कसं सांगायचं?

रावेरचा_केळीवाला
राम राम मंडळी. आमचं केळीचं काम आहे, गाड्या दिल्लीकडं जातात, म्हणून ड्रायव्हर अन् व्यापाऱ्यांशी दिवसभर हिंदीच बोलावं लागतं. तसं अडत नाही, पण एखादी गोष्ट परत परत होते किंवा दरवेळी करायची आहे हे सांगायचं म्हटलं की गडबड होते. मागच्या महिन्यात एका ड्रायव्हरला म्हटलं, ‘गाड़ी खाली हुई तो फोन करते जाओ’, माझ्या मनात होतं की दर फेरीला फोन करत जा. त्यानं त्या फेरीला निघता निघता एक फोन केला अन् पुढच्या दोन फेऱ्यांना काहीच नाही, मी रात्रभर जागा, विचारलं तर म्हणे आपने उस दिन जाते-जाते करने को बोला था, कर दिया था. मग बरोबर काय? आणि ‘आम्ही लहानपणी बुरहानपूरला जायचो’ यातलं ‘जायचो’? मी ‘जाने का’ म्हणतो, ते कानाला खटकतं.

भुसावळकर
भाऊ ड्रायव्हरची काही चूक नाही. आपलं ‘करत जा’ म्हणजे सवय लाव, अन् हिंदीत ‘करते जाओ’ म्हणजे एकतर जाता जाता कर, नाहीतर न थांबता करतच राहा. तुला पाहिजे ते ‘किया करो’. फोन कर दिया करो, टाइम पे आया करो, पेमेंट हफ्ते में दे दिया करो. व्यापाऱ्याला ‘पैसे देते जाओ’ म्हणशील तर तो त्या दिवसाचे देऊन मोकळा होईल.
‘जायचो’ला सरळ ‘जाते थे’ म्हण, रोजच्या बोलण्यात तेच चालतं. जुन्या आठवणी निवांत सांगायच्या असतील तर ‘जाया करते थे’.

धुळेकर_मास्तर
वरचं बरोबर आहे, फक्त तीन ठिकाणी आपली मुलं हमखास अडकतात म्हणून लिहितो. ‘गया करते थे’ नाही, ‘जाया’च, हे एकच रूप वेगळं आहे. दुसरं, बाई असली तरी ‘वो आया करती थी’, ‘आई करती थी’ नाही, बदलतं ते पुढचं ‘करता-करती’. अन् ‘खाया’, ‘किया’ दिसलं की आपण लगेच ‘ने’ लावतो, इथं ‘मैंने खाया करता था’ चूक, ‘मैं खाया करता था’.

जळगावची_लेक
माझं माहेर जळगाव, सासर बुरहानपूर. तसं बुरहानपूर म्हणजे फारुकींच्या काळातली खानदेशची राजधानीच, पण घरात सगळी हिंदी अन् मी नवीन नवीन फार गोंधळायची. सासूबाई म्हणायच्या, ‘बहू, दूध ढँक दिया करो’. मी उठून झाकण ठेवायची अन् दुसऱ्या दिवशी परत उघडं. ‘ढँक दो’ म्हणजे आत्ता झाक आणि ‘ढँक दिया करो’ म्हणजे रोज झाकत जा, हे मला तिथं चुलीपाशी कळलं, पुस्तकात नाही.
अजून एक, ‘आता रहता है’ वेगळं. ते आपलं ‘येत असतो’, अधूनमधून चालूच असतं, नेम नाही. ‘मेहमान आते रहते हैं’. चिडूनही तेच येतं, ‘दिनभर मोबाइल देखता रहता है’. पण वर्षानुवर्षं चालत आलेलं असेल तर ‘करते आ रहे हैं’, म्हणजे तुमच्या घरात केळीचं काम पिढ्यांचं असेल तर ‘हम बरसों से यही काम करते आ रहे हैं’.

रावेरचा_केळीवाला
ताई, दुधाचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. आज सकाळीच गाडी भरताना त्याच ड्रायव्हरला म्हटलं, ‘भैया, माल उतरते ही फोन कर दिया करो, हर बार’. तो लगेच म्हणाला, ‘जी, कर दिया करूँगा’.

भुसावळकर
हां, त्याच्या ‘करूँगा’च्या आधी ‘दिया’ आलं ना, म्हणजे त्याला ‘दरवेळी’ कळलं.