सोसायटीची साथीची नियमावली, कलम 4: ज्येष्ठ घरात आणि बाकीचे मोकळे?

सी-304: सेक्रेटरी साहेब, मसुदा वाचला. कलम 4 कुणी घातलं? 'जोखमीच्या व्यक्तींनी घरात राहावे, इतरांवर कोणतीही सक्ती नसावी.' आमच्या घरात हे कसं जमवायचं तेवढं सांगा.

सेक्रेटरी: मसुदाच आहे. सूचना रविवारपर्यंत द्या. शांतपणे मांडा 🙏

बी-101: मी सुचवलं. मागच्या वेळी, कोविडमध्ये, दारांवर नोटिसा चिकटवल्या, गेटवर कुणाकुणाला अडवलं, सगळं लक्षात आहे. आणि हे माझ्या मनचं नाही. 4 ऑक्टोबर 2020 चा ग्रेट बॅरिंग्टन जाहीरनामा वाचा. हार्वर्ड, ऑक्सफर्ड, स्टॅनफर्डच्या तिघांनी लिहिलाय. धोका आहे त्यांना जपा, बाकीच्यांना जगू द्या. त्यातले जय भट्टाचार्य आज एनआयएच या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेचे प्रमुख आहेत.

ए-502: शाळांचं बोला. मुलांना धोका सगळ्यात कमी आणि भोगलं त्यांनीच. एप्रिल 2020 मध्ये जगभरात दीड अब्जाहून जास्त मुलं घरी होती. माझ्या वर्गातली परत आली तेव्हा सलग चार ओळी वाचताना अडखळत होती.

डी-203: मॅडम, चार ओळींच्या वरचा मेसेज या ग्रुपवरही कुणी वाचत नाही 😄

ए-502: हा चेष्टेचा विषय नाही.

सी-304: मॅडम, शाळांबाबत मी तुमच्या बाजूने आहे. काका, त्याच महिन्यात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याच्या विरोधात जॉन स्नो निवेदन आलं, तेही वाचा. तेव्हा लस नव्हती. लक्षणं दिसायच्या आधीच माणूस दुसऱ्याला संसर्ग देत होता. मग बाहेरून कोण काय घेऊन येतंय, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ओळखायचं कसं?

बी-101: स्वीडन बघा. सोळाखालच्यांच्या शाळा चालू होत्या. 2020 ते 22 धरले तर जादा मृत्यू, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त झालेले मृत्यू, युरोपात सगळ्यात कमी असलेल्या देशांत त्यांचा नंबर लागतो.

सी-304: आणि त्यांचे वृद्धाश्रम? डिसेंबर 2020 मध्ये त्यांच्याच सरकारने नेमलेल्या कोविड आयोगाने लिहिलं की वृद्धांचं संरक्षण फसलं, आणि समाजातला फैलाव हेच बहुधा त्याचं सगळ्यात मोठं कारण.

बी-101: त्याच आयोगाने 2022 मध्ये सक्तीपेक्षा सल्ल्यावर भर देणं मुळात योग्य ठरवलं. सोयीचं तेवढंच सांगू नका.

सी-304: पुढचंही सांगा ना काका. सुरुवातीला जास्त कडक पावलं लवकर उचलायला हवी होती, हेही त्याच अहवालात आहे.

ई-404: ज्येष्ठांना जपायचंय तर आधी बी विंगची लिफ्ट दुरुस्त करा. किती वेळा लिहायचं?

सेक्रेटरी: लिफ्टची तक्रार रजिस्टरमध्ये नोंदवा.

ई-404: रजिस्टर असतं कुणाकडे? तेच तर कळत नाही.

ए-502: पुन्हा लिहिते. शाळांचं बोला.

सी-304: आईचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं. तिला घरात बसवणं म्हणजे तिचा उपचार थांबवणं. ती लिफ्टने खाली जाते, ओळीने मांडलेल्या खुर्च्यांमध्ये चार तास बसते, आणि घरी येऊन शाळेतून आलेल्या नातवाशेजारी टेकते. सांभाळायला येणारी ताई आणखी दोन घरं करून येते. यातल्या कुणाला आईपासून तोडायचं? भोवतीच्यांनी साथ आटोक्यात ठेवली तरच ती सुरक्षित. वर्षानुवर्षं कुणाला कोंडा असं मी म्हणत नाहीये. साथ चढणीवर असताना लिफ्टमध्ये मास्क, जिन्याच्या खिडक्या उघड्या, हॉल बंद. लस मिळाली, लाट उतरली की काढून टाका. शाळा सगळ्यात शेवटी बंद, सगळ्यात आधी सुरू.

ए-502: शेवटचं वाक्य मसुद्यात घाला.

बी-101: लिफ्टपुरता मास्क मी घालेन. वहिनींची काळजी आम्हालाही आहे. पण दारावर नोटीस लावलेली चालणार नाही, आणि दंडही नाही.

सी-304: नोटिशीला माझाही विरोध आहे. पण मास्क ऐच्छिक ठेवला तर लिफ्टमध्ये तो सगळ्यात आधी कोण काढेल, हे दोघांनाही माहीत आहे.

बी-101: हे वैयक्तिक होतंय.

सेक्रेटरी: कृपया 🙏 कलम 4 तूर्त बाजूला ठेवतो.

बी-101: बाजूला कशाला? मतदान घ्या.

सी-304: घ्या. फ्लॅटमागे एक मत की माणसामागे, ते आधी कळवा.