फुलांइतकीच उघड्या मातीचीही गरज

स्थानिक फुलझाडे लावली की मधमाश्या आपोआप येतात, आणि झाडांखालची सगळी जमीन पालापाचोळ्याने झाकून टाकावी, असे बागेसाठी सुचवले जाते. पहिले म्हणणे बऱ्याच अंशी पटते. दुसऱ्याला मात्र थोडी मुरड घालावी लागेल. जगात मधमाश्यांच्या सुमारे २०,००० जाती ज्ञात आहेत, त्यांपैकी मोठी पोळी बांधून समूहाने राहणाऱ्या अगदी मोजक्या आहेत. उरलेल्यांपैकी बहुसंख्य जातींची मादी एकटीच जमिनीत बीळ कोरते, त्यात परागाचा गोळा साठवते आणि त्यावर अंडे घालते. जाड आच्छादन किंवा, त्याहून वाईट म्हणजे, प्लॅस्टिकचा कागद अंथरला की या माश्यांना अन्न मिळते, पण घर मिळत नाही.

म्हणून पाणी न साचणारा, उन्हात असलेला एखादा तुकडा उघडाच ठेवावा आणि तो खणू नये, कारण अळ्या वर्षातील बराच काळ तिथेच असतात. पेन्सिलीच्या जाडीचे छिद्र आणि भोवती बारीक मातीचे कडे दिसले, तर मुंग्या समजून पावडर टाकण्यापूर्वी (हे सर्रास घडते) जरा थांबून पाहावे. मागच्या पायांवर पिवळे पराग घेतलेली माशी आत शिरताना दिसू शकते. राखण्यासारखे पोळे नसल्याने ती सहसा डंख करत नाही. पालापाचोळा सावलीच्या बाजूला जरूर राहू द्यावा. पतंगांचे कोष, कोळी आणि बेडूक यांना तोच लागतो.