पोर्ट्रेट काढताना समोरचा माणूस अवघडतो: बोलणं, पोझ आणि ऐनवेळचे बदल यांबद्दल सल्ला हवा

अर्धछाया
फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी एफ/१.८ लेन्स (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं), एक स्पीडलाइट (छोटा सुटा फ्लॅश) आणि ९० सेमीचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) एवढं साहित्य आहे. एक्स्पोजर-फोकसमध्ये अडत नाही, माणसाशी अडतं. सवय नसलेली व्यक्ती समोर उभी राहिली की खांदे वर चढतात, हसू गोठतं आणि "हात कुठे ठेवू?" याला उत्तर सुचत नाही. शिवाय ठरवलेली जागा किंवा उजेड ऐनवेळी बदलला की सगळं गणित बिघडतं. ऑफिसातले हेडशॉट (चेहरा-खांद्यांपुरते फोटो) आणि नवोदित मॉडेलचे पोर्टफोलिओ अशी दोन्ही कामं हातात आहेत. नक्की कशाचा सराव करावा? "आत्मविश्वास ठेवा" सोडून काहीही सांगा.

कवडसा
अवघडलेपण बरंचसं फोटोग्राफरच्या बोलण्यातून येतं. "नॅचरल राहा", "रिलॅक्स व्हा" या सूचना कुणाला पाळताच येत नाहीत, कारण करायचं काय हे त्यात नसतंच. एका वेळी एका अवयवाला एकच काम सांगा. "वजन मागच्या पायावर घ्या." थांबा. "पुढचा गुडघा किंचित वाकवा." चार सूचना एका दमात दिल्या की माणूस शेवटची तेवढी पाळतो आणि आधीच्या सोडून देतो. सुरुवात पायांपासून करा आणि वर सरका, चेहरा अगदी शेवटी. आधी हसायला सांगून मग पाय लावत बसलात तर तोवर ते हसू शिळं झालेलं असतं.

डावं-उजवं म्हणूच नका, तुमचं डावं ते त्यांचं उजवं. "नाक खिडकीकडे", "खांदा दाराकडे" असं सांगा. नाहीतर स्वतः पोझ घेऊन "आरशात बघितल्यासारखं करा" म्हणा, शब्द निम्म्याने कमी होतात. कॉलर किंवा केस नीट करायचे असतील तर त्यांनाच करू द्या. हात लावायची वेळ आलीच तर आधी विचारा, मगच लावा.

आणि सगळ्यांत वाईट म्हणजे शांतता. तुम्ही कपाळाला आठ्या घालून हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) बघत असता आणि समोरच्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. आधीच सांगून टाका, "पहिले पाच-सहा फोटो फक्त लाइट बघायला आहेत." त्याहून बरं म्हणजे माणूस येण्याआधी स्टँडवर जाकीट टांगून लाइट लावून ठेवा.

तिरपा_उजेड
वरच्याला दुजोरा. माझी भर हात आणि हनुवटीपुरती.

हातांना काम द्या: खिशात चार बोटं, अंगठा बाहेर, घड्याळाचा पट्टा, जाकिटाची कड, खुर्चीची पाठ. पण "धरा" म्हटलं की लोक घट्ट आवळतात आणि बोटांची पेरं पांढरी पडतात. म्हणून "नुसतं टेकवा" म्हणा. हाताचा पंजा कॅमेऱ्याकडे सपाट आला तर चेहऱ्याएवढा मोठा दिसतो, करंगळीची बाजू कॅमेऱ्याकडे वळवली की निमुळता होतो. कोपर आणि कंबर यांत थोडी फट हवी, नाहीतर दंड छातीला चिकटून सपाट पसरतो.

दुहेरी हनुवटी टाळायला लोक आपोआप डोकं मागे घेतात, त्याने उलट वळी वाढते. कासव मान काढतं तसं कपाळ कॅमेऱ्याकडे पुढे आणि मग हनुवटी किंचित खाली. समोरच्याला हे विचित्र वाटतं, म्हणून एक फोटो आधीचा आणि एक नंतरचा लगेच दाखवा. पुढे सांगावं लागत नाही.

यात एक मेख आहे. दीड मीटरवर ८५ मिमी लेन्सला एफ/१.८ वर फोकसची खोली (पुढे-मागे जेवढा भाग स्पष्ट येतो ती) जेमतेम साडेतीन सेंटिमीटर मिळते. मान पुढे काढताना माणूस तेवढा सहज हलतो आणि डोळा सुटतो. अवघडलेला माणूस तर उभ्या उभ्या डुलतो. एफ/४ ला हीच खोली साधारण साडेसात सेमी होते. ओळख होईपर्यंत एफ/४, नंतर लेन्सचं छिद्र उघडा हवं तेवढं.

पावस्टॉप
थोडा वेगळा सूर लावतो. सतत बोलणं हा सगळ्यांवरचा इलाज नाही. सराईत मॉडेल प्रत्येक क्लिकला पोझ बदलते, तिचा ताल शटरच्या आवाजावर चालतो. मध्येच "वा, मस्त, आता हात..." सुरू केलंत तर तो तुटतो. तिथे सुरुवातीलाच भाव आणि फ्रेम सांगा ("कंबरेपासून वर, थोडं करारी, नजर लेन्सच्या वर") आणि मग गप्प राहा. फक्त फ्लॅशचा रीसायकल वेळ (पुन्हा चार्ज व्हायला लागणारा) सांभाळा. स्पीडलाइट पूर्ण पॉवरवर असेल तर पुढची पोझ फ्लॅश तयार होण्याआधीच येते आणि फोटो काळा. पाव पॉवरवर या, कमी पडलं तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा.

नवोदित मॉडेलचं मधलंच काहीतरी असतं. पोझ पाठ असतात, एकीतून दुसरीत जाताना मात्र अडखळतं. त्यांना पोझऐवजी हालचाल द्या: दोन पावलं चालत या, वळा, खांद्यावरून मागे बघा. शटर १/२५० सेकंदाहून मंद नको. पोझ पूर्ण व्हायच्या जरा आधीचे फोटो जास्त जिवंत येतात, हे माझं मत.

लेखी संमतीपत्र शूटच्या आधी, आणि फोटो कुठे वापरणार ते त्यात स्पष्ट. मॉडेल अल्पवयीन असेल तर पालकांची सही आणि पालक शूटभर तिथेच.

खिडकीशेजारी
ऐनवेळच्या बदलाबद्दल. नवीन जागेत शिरल्यावर पार्श्वभूमी शोधू नका, आधी उजेड शोधा. स्वतःचा पंजा चेहऱ्याच्या उंचीवर धरून जागेवरच गोल फिरा. बोटांच्या सावल्या कुठे मऊ होतात, कुठे कडक होतात ते लगेच दिसतं. जिथे मऊ, तिथे माणूस. मागे काय येतंय ते त्यानंतर, दोन पावलं सरकून सुटतं.

भर दुपारी बाहेर काढायची वेळ आली तर छपराच्या किंवा कमानीच्या सावलीत, कडेपासून अर्ध्या-एक मीटर आत, तोंड बाहेर. डोक्यावर छप्पर नसलेल्या सावलीत उजेड वरूनच येतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. झाडाखाली पानांतून आलेले ठिपके चेहऱ्यावर पडतात, वर हिरवी झाक येते ती वेगळीच.

आत खिडकीजवळ काढत असाल तर खोलीतले दिवे बंद करा, नाहीतर एक गाल निळा आणि एक पिवळा. बंद करणं हातात नसेल आणि दिव्यांच्या लुकलुकण्याने फोटोत पट्टे येत असतील तर शटर ५० हर्ट्‌झच्या विजेवर १/१०० किंवा १/५०, ६० हर्ट्‌झवर १/१२० किंवा १/६०. एवढ्या कमी स्पीडला माणूस बसलेला बरा.

मुख्य म्हणजे ही धावपळ माणसासमोर दाखवू नका. "अरे, ऊन गेलं" असं पुटपुटलात की त्याला वाटतं शूट फसलं. "आता तिकडे जरा वेगळं काहीतरी करू" म्हणा आणि चला.

अर्धछाया
हे सगळं उपयोगी आहे, आभार. आता नेमकं सांगतो. ऑफिसात २० जण, प्रत्येकाला ५ मिनिटं, निम्म्यांना चष्मा. आणि "माझे फोटो चांगले येतच नाहीत" म्हणणारे दोन-तीन असणारच.

तिरपा_उजेड
१/१६०, एफ/५.६, आयएसओ ४०० पासून सुरुवात करा. यात ऑफिसच्या ट्यूबचा रंग जवळजवळ मरतो. सॉफ्टबॉक्स चेहऱ्यापासून मीटरभर, डोळ्यांच्या वर, ४५ अंशांवर. जमिनीवर पायांसाठी चिकटपट्टीची खूण करा, म्हणजे प्रत्येकामागे लाइट मोजावा लागणार नाही. उंची बदलली की मात्र स्टँड वर-खाली करावाच लागतो, नाहीतर उंच माणसाच्या डोळ्यांतली चमक जाते.

चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसला तर तो अजून वर आणि बाजूला घ्या, चष्म्याच्या काड्या कानांवर थोड्या उचलायला सांगा. काचा तेवढ्याने खाली झुकतात आणि प्रतिबिंब खाली जातं. आय-एएफ (डोळा ओळखणारा ऑटोफोकस) कधीकधी फ्रेमच्या कडेवर बसतो, पहिला फोटो झूम करून बघाच.

कवडसा
"चांगले येत नाहीत" म्हणणाऱ्याशी वाद घालू नका, "छान तर दिसता की!" हे तर नकोच. सरळ विचारा, "फोटोत नेमकं काय खटकतं?" बहुतेक वेळा उत्तर ठोस असतं: एक डोळा लहान, नाक, दात. लहान डोळ्याची बाजू कॅमेऱ्याजवळ आणली की फरक कमी दिसतो. नाकाचा प्रश्न असेल तर दीड-दोन मीटरच्या आत जाऊ नका, जवळून नाक मोठंच दिसतं. दात दाखवायचे नसतील तर ओठ मिटून "नाकाने हळू श्वास सोडा" सांगा आणि श्वास संपता संपता क्लिक करा. जबडा तेव्हा सैल असतो.

डोळे मिटणाऱ्यांना तीन आकडे मोजेपर्यंत डोळे मिटून ठेवायला लावा, तीनला उघडायचे. क्लिक तीन म्हटल्यावर क्षणभराने.

पावस्टॉप
आणि "चांगले येत नाहीत" म्हणणाऱ्यांना स्क्रीन पहिल्या दोन मिनिटांत दाखवू नका. इथे तिरपा_उजेड यांच्या उलट मत आहे माझं. हनुवटीचा फरक दाखवायला ठीक, पण स्वतःच्या चेहऱ्यावर आधीच रुसलेल्या माणसाला मधला कच्चा फोटो दिसला की पुढचे तीन मिनिटं तो तेच तपासत बसतो. तीन-चार पक्के फोटो मिळाले की तेवढेच दाखवा आणि त्यातला एक त्यांनाच निवडू द्या. यादी लावताना असे लोक पहिल्या नंबरला नको, पाच-सहा जण झाल्यावर घ्या.