हट्टी चामखिळीत एमएमआर (गोवर-गालगुंड-रुबेला) लस: चाचणीचा आराखडा तपासून हवा आहे

त्वचा_पीजी
एमडीच्या प्रबंधाचा विषय: तळपायाच्या हट्टी चामखिळीत एमएमआर लस विरुद्ध सलाईन. सर्वांत मोठ्या एकाच चामखिळीत ०.५ मिली, दर ३ आठवड्यांनी, जास्तीत जास्त ५ वेळा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. हट्टी म्हणजे ६ महिन्यांहून जुनी आणि किमान दोन उपचारांना (सॅलिसिलिक अ‍ॅसिड, क्रायो म्हणजे गोठवणं, कॉटरी म्हणजे जाळणं) दाद न दिलेली. वय १८ ते ६०. अडतंय ते इथे: तळपायात औषध आत टिकत नाही, ब्लाइंडिंग (कुणाला लस, कुणाला सलाईन हे गुपित ठेवणं) कसं सांभाळायचं, रुग्ण किती घ्यायचे. शिवाय गाईड विचारताहेत, चामखीळ करणाऱ्या विषाणूची, म्हणजे एचपीव्हीचीच लस का नको?

पंधरा_नंबर_ब्लेड
आधी निदान. कुरूप (दाबाने पायाला होणारी कठीण गाठ) चामखीळ म्हणून चाचणीत शिरलं की कुठलीच लस त्याला बरं करणार नाही. वरचा घट्टा तासा. चामखिळीत काळे ठिपके दिसतात, अजून थोडं तासलं की बारीक थेंबांनी रक्त येतं, आणि त्वचेच्या रेषा तिच्या कडेशी तुटतात. कुरुपाच्या मधोमध पिवळसर, काचेसारखा गाभा असतो. चामखीळ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते, कुरूप वरून सरळ दाबलं की.

आता टोचण्याचं. साध्या सिरिंजची सुई तळपायात दाब दिला की सुटते आणि लस तोंडावर उडते. त्यामुळे सुई पक्की बसवलेली इन्सुलिन सिरिंज घ्या, चष्मा घाला. सिरिंज यू-४० आहे की यू-१०० (एका मिलीत ४० युनिट की १००) ते बघा: उदाहरणार्थ ०.३ मिली म्हणजे यू-४० वर १२ युनिट आणि यू-१०० वर ३०. ओपीडीत दोन्ही एकाच ट्रेमध्ये पडलेल्या असतात, गोंधळ तिथेच होतो.

घट्टा तासून झाला की सुई बाजूने तिरकी, बेव्हल (टोकाची तिरकी कापलेली बाजू) वर ठेवून चामखिळीच्या तळाशी न्या. हाताला अडथळा जाणवला आणि चामखीळ पांढरी पडली तर जागा बरोबर. औषध सहज आत गेलं आणि काहीच पांढरं झालं नाही तर सुई खाली चरबीत आहे. तासलेल्या भागातून थेंब वर येऊ लागले तर फार वर आहे. टोचून झाल्यावर सुई काही सेकंद तशीच ठेवा, मग काढा. ०.५ मिली तळपायात क्वचितच मावतं. मी सगळ्यांना ०.३ ठेवेन आणि किती गळालं याचा रकाना फॉर्ममध्ये देईन.

स्पिरिट पूर्ण वाळू द्या, ही जिवंत लस आहे. लिग्नोकेन (बधिर करणारं औषध) त्याच सिरिंजमध्ये मिसळू नका. रुग्णाला झोपवूनच टोचा (चक्कर बरेचदा दुखण्यानेच येते), नंतर अर्धा तास बसवा, अ‍ॅड्रेनलिन हाताशी असू द्या.

शीतसाखळी
कुपी २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर. सोबत आलेल्या द्रवातच विरघळवा, सलाईनमध्ये नको. हलकेच फिरवा, जोरात हलवलं की फेस होतो आणि मात्रा चुकते. लगेच वापरा, ६ तासांनंतर टाकून द्या. एकडोसाच्या कुपीतलं उरलेलं ०.२ मिली पुढच्या रुग्णासाठी ठेवायचं नाही, कितीही जिवावर आलं तरी.

वगळायचे रुग्ण: गरोदर, प्रतिकारशक्ती कमी असलेले किंवा स्टिरॉइडसारखी ती दाबणारी औषधं घेणारे, निओमायसिन वा जिलेटीनची तीव्र अ‍ॅलर्जी, नुकतंच रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन दिलेले, त्या दिवशी ताप असलेले. स्त्रियांची गर्भचाचणी दर वेळी टोचण्याआधी करा, एकदाच नव्हे. शेवटच्या डोसनंतर महिनाभर गर्भ राहू नये हे संमतिपत्रात स्पष्ट लिहा. मांटू (क्षयाची त्वचेवरची चाचणी) करायची असेल तर त्याच दिवशी किंवा ४ ते ६ आठवड्यांनी, मधल्या काळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

एचपीव्ही लसीबद्दल: सर्व्हाव्हॅक या भारतीय एचपीव्ही लसीत विषाणूचे प्रकार ६, ११, १६, १८ आहेत. हातापायांच्या चामखिळी मुख्यतः १, २, ४, २७, ५७ मुळे होतात, आणि गार्डासिल ९ या दुसऱ्या एचपीव्ही लसीमध्येही यांपैकी एकही नाही. काही रुग्णांत फायदा झाल्याच्या नोंदी आहेत, पण किंमत कितीतरी पट आणि तर्क कच्चा. एमएमआरचा हिशोब वेगळा: बहुतेकांच्या शरीराला गोवर-गालगुंडाची ओळख आधीच असते. ते अँटिजेन (ओळखीचे विषाणूचे अंश) चामखिळीत गेलं की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी तिथे गोळा होतात आणि त्या गर्दीत एचपीव्हीही त्यांच्या नजरेला पडतो. न टोचलेल्या, लांबच्या चामखिळीही जातात त्या यामुळेच, असं मानलं जातं. म्हणून लांबच्यांचा निकाल वेगळा नोंदवा. त्या सलाईन गटापेक्षा जास्त गेल्या तर ते नुसतं सुईच्या जखमेने झालं असं म्हणणं कठीण.

आकडेमोड
सलाईन गटातही काही बऱ्या होणारच, सुईची जखम आहे आणि चामखिळी आपोआपही जातात. सलाईनने ३०% आणि लसीने ६०% पूर्ण बऱ्या होतील असं धरलं, ८०% पॉवर (खरा फरक सापडण्याची शक्यता), ५% अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता), तर प्रत्येक गटात ४०. मधेच सोडून जाणारे २०% धरून ५०. लसीचा अंदाज ७०% धरला की आकडा निम्म्यावर येतो, आणि प्रबंधात तोच मोह होतो.

मोजणीचं एकक रुग्ण, चामखीळ नव्हे. एकाच माणसाच्या १२ चामखिळी एकत्र बऱ्या होतात किंवा एकत्र राहतात. त्या १२ स्वतंत्र नोंदी धरल्या की पी-व्हॅल्यू उगाच छान दिसते, म्हणजे पुरावा आहे त्याहून भक्कम वाटतो.

ब्लाइंडिंग: सिरिंज भरणारी नर्स वेगळी, नळीवर अपारदर्शक टेप, टोचणारा वेगळा. टोचल्यावर येणारी लाली आणि सूज गुपित फोडतेच, म्हणून निकाल फोटोवरून तिसऱ्याने ठरवावा. फोटो दर वेळी घट्टा तासल्यावर, मोजपट्टी ठेवून, एकाच अंतरावरून. न तासता काढलेला फोटो घट्ट्याचा आकार दाखवतो. "पूर्ण बरी" म्हणजे त्वचेच्या रेषा परत सलग दिसणं. शेवटच्या डोसनंतर ६ महिने पाठपुरावा.

त्वचा_पीजी
०.३ वर येते. सीडीएससीओची (केंद्रीय औषध नियामकाची) परवानगी लागेल का? लस मान्यताप्राप्त आहे, पण या वापरासाठी नाही.

शीतसाखळी
नवीन औषधं आणि क्लिनिकल चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांतला नियम २८ बघा. मान्यताप्राप्त औषधाची नव्या वापरासाठी शैक्षणिक चाचणी असेल आणि त्यातली माहिती विक्रीच्या परवान्यासाठी वापरायची नसेल, तर एथिक्स कमिटीची मंजुरी पुरते. मात्र सीटीआरआयमध्ये (देशातल्या चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी हवी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही.